उजवा कान

चौघांनी तिचं नाव 'कुजबुज' पाडलं होतं. त्या चौघांपैकी एकालाही तिने कधी पाहिलं नव्हतं. दुपारी बाळ झोपलं, की ती पाळण्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची, हेडफोन चढवायची आणि त्यांच्याबरोबर खोटी बंदूक घेऊन गेममधल्या कुठल्याशा ओसाड बंदरात शिरायची. पाच जण आपले, पाच समोरचे. बोलायचं ते माइकवर, आणि झोपलेल्या बाळाशेजारी बसून बोलायचं म्हणजे कुजबुजतच.

"जिन्यात एक जण आहे," ती नुसत्या श्वासाने सांगायची आणि चौघं खो खो हसत सुटायचे.

"अगं, तू शत्रूला घाबरतेस की शेजाऱ्यांना?" हे केमिस्टकाका. औषधाचं दुकान दुपारी बंद असायचं, तेव्हा शटर ओढून ते मागच्या खोलीत खेळायला बसत. दुसरा दातवाला, म्हणजे दातांच्या कॉलेजात शिकणारा. उरलेले दोघं जुळे भाऊ, आवाजही इतके सारखे की एकाने केलेल्या चुकीबद्दल नेहमी दुसराच शिव्या खायचा.

बाळाचं तिने त्यांना सांगितलं नव्हतं. लपवायचं असं काही नव्हतं. पण दवाखान्यातली नर्स तिला 'बाळाची आई' म्हणून हाक मारायची, खालच्या मजल्यावरच्या बाई 'बाळ कसं आहे?' विचारून दार लावून घ्यायच्या, आणि नवरा पुलाच्या साइटवरून यायचा तो बूट काढता काढताच 'झोपली का?' विचारायचा. तोही बिचारा काय करणार, जेवताना घास हातात धरून पेंगायचा. त्याच्या बदलीमुळे हे गाव वाट्याला आलं होतं, इथे तिचं म्हणावं असं कोणी नव्हतं. दिवसभरात 'तू' म्हणून तिच्याशी बोलणारे हे चौघंच.

तरी हेडफोन ती अर्धाच घालायची. डावा कप कानावर, उजवा कानामागे सरकवलेला. उजवा कान बाळाचा. श्वास चालू आहे ना, नाक वाजतंय का, कूस बदलली का, सगळं तो कान टिपत असे. तपासणीच्या वेळी नर्सने बाळाच्या मागे खुळखुळा वाजवून दाखवला होता. बाळाने मान वळवली म्हणजे ऐकू येतं, झालं, पुन्हा बघायची गरज नाही. पण ही रोज सकाळी बघायची. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. बाळ मान वळवायचं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव यायचा.

साध्या सामन्यात हे सगळं खपून जात होतं. बाळ चुळबुळलं की ती "आले हं" म्हणून सरळ उठायची. तिच्या जागी गेम आणखी कुणाला तरी आणून बसवायचा. कोणी विचारत नसे.

मग एका दुपारी दातवाल्याने विषय काढला. "किती दिवस असा टाइमपास करायचा? रँक खेळू या, गुण मोजतात ते सामने."

"आम्ही आपले गंमत म्हणून येतो रे बाबा," काका म्हणाले. "या वयात मला आणखी कुठल्या परीक्षेला बसवतोस?"

"काका, गंमतच वाढेल. फक्त एक आहे. मधेच उठायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. जो उठेल त्याला गेम बाहेर बसवतो, आणि बाकीचे चौघं तसेच लढतात आणि मार खातात."

"आग लागली तर मला उठव," एक जुळा म्हणाला.

"तुला कशाला, तू तसाही झोपूनच खेळतोस," दुसरा म्हणाला.

"कुजबुज, तुझं काय?"

तिने पाळण्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं, तर पाचवं माणूस मिळायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता? आणि पाच म्हणजे पाचच. सहाव्याला दार बंद.

"चालेल," ती कुजबुजली.

रँकचं जग वेगळंच निघालं. समोरचे वेंधळ्यासारखे धावत यायचे नाहीत, दबा धरून बसायचे. इथे डोळ्यांपेक्षा कानांचं काम जास्त. पावलांच्या आवाजावरून कोण कुठून येतंय ते ओळखायचं. पहिल्याच आठवड्यात ते हरत सुटले. जुळे एकमेकांवर खापर फोडत होते, काका "माझे गुडघे" म्हणत होते, जणू खेळात गुडघे लागतात. दातवाला मात्र हरलेले सामने पुन्हा लावून बघत बसला, आणि एका दुपारी म्हणाला, "आपण दर वेळी एकाच बाजूने मरतो. कुजबुज उभी असते तिच्या उजव्या बाजूने."

मग तो थेट तिलाच म्हणाला,

"डावीकडचं तुला कुणाच्याही आधी ऐकू येतं. आणि उजवीकडून हत्ती आला तरी पत्ता नाही. राग मानू नकोस, पण तुझ्या उजव्या कानाला काही झालंय का?"

"अरे, असं विचारतात का?" काका म्हणाले.

"काका, मी दात असेच विचारून उपटतो."

ती हसली नाही. सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. पण सांगितल्यावर काय होईल तेही तिला दिसत होतं. काका म्हणतील, 'अरे वा, बाळ का!' मग 'बाळ कसं आहे?' विचारतील, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची काळजी घेत तिला हळूच बाजूला करतील.

"हेडफोनची वायर सैल आहे," ती म्हणाली. "नीट करते."

दुसऱ्या दिवशी तिने पाळणा ओढून टेबलाच्या पलीकडे आणला, अगदी समोर, म्हणजे स्क्रीनच्या वरून बाळाचा चेहरा दिसेल. कान नाही तर नाही, डोळे आहेत ना. मग उजवा कप कानावर घेतला.

खोली नाहीशी झाली. फॅनची घरघर गेली, जिन्यातली पावलं गेली, आणि त्या ओसाड बंदराला अचानक चारही दिशा आल्या. मागे पाणी डुचमळत होतं. उजवीकडे, लांब, कोणीतरी पत्र्यावर पाय ठेवला.

"उजवीकडे. गोदामाच्या छपरावर. दोघं," ती म्हणाली.

दोघंच होते. त्यानंतर तिने जे जे सांगितलं ते ते खरं निघालं. जुळे ओरडत होते, काका "वायर कुठल्या दुकानातून आणलीस गं?" विचारत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती कुणाच्या उपयोगी पडली होती, आणि ते कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं. तिचा चेहरा गरम झाला. मधूनमधून मान वर करायची ते ती कधी विसरली, तिचं तिलाच कळलं नाही.

ते जिंकले. तिने हेडफोन काढला आणि पाळण्याकडे पाहिलं.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. टक लावून तिच्याकडे बघत होतं. गालांवर ओघळ सुकले होते, आणि सगळं अंग हलवणारा एक हुंदका राहून राहून येत होता. केव्हापासून रडलं असेल? रडून, कोणी येत नाही असं बघून, आपलं आपणच थांबलं होतं. हेडफोनमधून दातवाल्याचा बारीक आवाज येत होता, "आणखी एक जिंकलो की वरची रँक! कुजबुज, उठू नकोस हं! लगेच खेळू."

तिने बाळाला उचललं. बाळाने तिच्या खांद्याचा कपडा मुठीत घट्ट धरला. एका हाताने तिने हेडफोन घेतला, तो डोक्यावर चढवला नाही, फक्त माइक तोंडाजवळ आणला.

"कान चांगला आहे माझा," ती म्हणाली. आवाज घोगरा आला; एवढ्या मोठ्याने ती त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती. "पण उजवा माझ्याकडे नसतो. मला मुलगी आहे, लहान. तो तिच्याकडे असतो."

मग काका म्हणाले, "अरे वा. बाळ का!"

"म्हणजे वायर..." दातवाला म्हणाला आणि थांबला. "आधी सांगायचंस ना. आम्ही... बघू काहीतरी. तू काळजी करू नकोस."

"बाळ कसं आहे?" एका जुळ्याने विचारलं. कुठल्या, ते कळलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लॅपटॉप उघडला. चौघांच्या नावांपुढे हिरवे ठिपके होते, आणि पाचव्या जागेवर एक नवीन नाव. काकांचा निरोप होता: 'सवड झाली की साधं खेळू कधीतरी. बाळाला जप.' खाली फूल. तिने निरोप दोनदा वाचला. राग येईल असं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच तिला जड गेलं.

बाळ झोपायचं नाव घेत नव्हतं. तिने त्याला मांडीवर घेतलं, हेडफोनची वायर लॅपटॉपमधून काढून टाकली आणि साधा सामना लावला. अनोळखी चार जण. "नमस्कार," ती पूर्ण आवाजात म्हणाली. उत्तर आलं नाही. बहुतेक सगळ्यांचे माइक बंद होते.

बंदराचे आवाज आता खोलीभर पसरले. पाणी डुचमळलं. वारा. मग कुठेतरी पत्रा वाजला. तिला नीट कळलं नाही, कुठून ते.

मांडीवरच्या बाळाने मान वळवली. उजवीकडे.

तिने तिकडे नेम धरला. कोपऱ्यावरून एक डोकं बाहेर आलं.

"उजवीकडे आहे," ती लॅपटॉपच्या माइकवर म्हणाली. पलीकडे कोणी ऐकत नव्हतं. मग बाळाच्या टाळूवर ओठ टेकवून, सवयीने कुजबुजतच, ती म्हणाली, "बरोबर सांगितलंस."