रंगूबाईच्या अँटिबॉडी

मखमलाबादच्या मळ्यात कुणीही रंगूबाईचं कौतुक काढलं, की भाग्यश्रीचं उत्तर तयार असायचं. "त्यांना काय धाड भरली होती? त्यांच्या अंगात अँटिबॉडी होत्या." एवढं बोलून ती पदर खोचायची आणि कामाला लागायची. समोरची बाई गप्प बसायची, कारण अँटिबॉडीपुढे काय बोलायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

रंगूबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. दोघी भावाभावांच्या बायका, एकाच मळ्यात राहणाऱ्या, एकाच विहिरीचं पाणी शेवंतीला देणाऱ्या, पण चुली वेगळ्या. त्या वेगळ्या झाल्या एका दसऱ्याला. भाग्यश्रीने झेंडूच्या क्रेटवर जरा जास्तच पाणी मारलं होतं. ओलं फूल वजनाला भरतं, हे फूलबाजारात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. रंगूबाई मात्र बोलली, आणि तेही गिऱ्हाइकांच्या देखत! भाग्यश्रीने त्याच दिवशी घरी येऊन गॅसची दुसरी शेगडी मांडली. पुढे गोटीराम, म्हणजे रंगूबाईचा नवरा, झटक्याने गेला, तेव्हा दोघी गळ्यात पडून रडल्या. तेराव्यानंतर पुन्हा अबोला. अशा बाबतीत दोघींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता रंगूबाई चाकणला निघाली होती, मुलाकडे, कायमची. संतोष तिथे कंपनीत होता. उद्या सकाळची गाडी ठरलेली. भाग्यश्रीचा नवरा ज्ञानेश आठ दिवस बायकोच्या मागे लागला होता.

"तू एक शब्द टाक. वहिनी राहतील."

"मी कशाला टाकू? त्यांचा मुलगा आहे, सून आहे. मी काय त्यांच्या उपकारात आहे का?"

खरं तर सगळी मेख तिथेच होती. आपण रंगूबाईच्या उपकारात आहोत की नाही, याचा हिशोब भाग्यश्रीने मनात कधीच मिटवून टाकला होता, आणि तो मिटवला होता अँटिबॉडीच्या जोरावर.

कोरोनाचं पहिलं वर्ष. दिवाळीच्या आधी मळ्यात पहिल्यांदा आजारी पडली ती रंगूबाई. थोडा ताप, थोडा खोकला, दहा-बारा दिवसांत ठणठणीत. मग एका मेडिकल कॉलेजची पोरं रक्त तपासायला आली आणि सांगून गेली, की या आजींच्या अँटिबॉडी भरपूर आहेत. झालं! गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा फिरकत नाही, तसाच हाही, असं सगळ्यांनी धरून टाकलं. त्या हिवाळ्यात ज्या घरात खोकला, त्या घरात रंगूबाई. कुणाचं दूध पोचवायचं, कुणाची म्हैस पिळायची, कुणाच्या म्हाताऱ्याला उठवून बसवायचं. "मला होऊन गेलाय," म्हणत ती सगळीकडे फिरायची. नवरा गेल्यापासून जिला कुणी विचारत नव्हतं, तिच्यावाचून आता कुणाचं पान हलेना.

दुसऱ्या वर्षी गुढीपाडवा झाला आणि ज्ञानेशला धाप लागली. त्याला शहरात ऑक्सिजनवर ठेवलं. मुलाला, अश्विनला, मामाने येवल्याला नेलं. तिसऱ्या दिवशी तापाने भाग्यश्रीही आडवी झाली. घरात ती एकटी. सख्खे शेजारी बांधावर डबा ठेवून पळायचे. त्यांचंही काही चुकत नव्हतं, ते दिवसच तसे होते.

दारावर थाप पडली तेव्हा तिने आतूनच ओरडून सांगितलं, "येऊ नका! कडी काढणार नाही मी."

"मला होऊन गेलाय, माझं कायबी वाकडं होत नाय. उघड गुमान!"

आणि तिने कडी काढली. दिवसचे दिवस न बोललेली जाऊ आत आली, तिने आधी खिडकी उघडली, मग भाग्यश्रीच्या कपाळावर हात ठेवला. कितीतरी दिवसांत तिला माणसाचा हात लागला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून रडली. रंगूबाईने पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

ते दिवस भाग्यश्रीला अजून आठवतात, आणि खोटं कशाला बोलायचं, गोड वाटतात. वाटीने पाजलेलं हुलग्याचं गरम माडगं. उशीला टेकवून घातलेली वेणी. बाजार बंद, फुलं शेतातच वाळत होती, म्हणून रंगूबाई रोज सकाळी ओच्यात काहीबाही घेऊन यायची आणि तिच्या नाकाशी धरायची. कधी गुलाब, कधी मोगरा.

"येतो का गं वास?"

"नाही."

"बरं. उद्या बघू."

एके सकाळी तिने झेंडूचा पाला चुरगळून धरला. उग्र, कडवट, लहानपणापासून हाताला चिकटलेला वास. भाग्यश्री ताडकन उठून बसली. "आला! ताई, आला!" दोघी हसल्या, हसता हसता रडल्या, आणि मग ज्ञानेश सुधारत असल्याचा फोनही त्याच दुपारी आला. त्या दुपारसारखी दुपार पुन्हा त्या घरात झाली नाही.

पण माणूस बरा झाला की त्याचा ताठाही बरा होतो. लोक येऊन म्हणायला लागले, "रंगूबाई होती म्हणून तू वाचलीस." एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा भाग्यश्रीच्या तोंडून ते अँटिबॉडीचं वाक्य निघालं, आणि मग तोंडात बसूनच गेलं. रंगूबाईच्या कानावरही ते अनेकदा पडलं. ती नुसती हसायची. बोलणं-चालणं चालू राहिलं, चुली वेगळ्याच राहिल्या.

रंगूबाईच्या निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी नेमकी तीच कॉलेजची मंडळी मळ्यात आली. मारुतीच्या देवळात खुर्च्या टाकून बसली. ज्यांना तेव्हा कोरोना झाला होता, त्यांच्या अंगात आता काय उरलंय ते त्यांना बघायचं होतं. दोघी जावा रांगेत पुढेमागे उभ्या राहिल्या. सुई हातात घेतलेली डॉक्टरीण सृष्टी रंगूबाईला पाहून एकदम हसली.

"आजी, तुम्ही! मी तेव्हा शिकत होते. शिमग्याच्या दिवशी मीच तुम्हाला फोन केला होता. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा तुमच्या अँटिबॉडी जवळजवळ संपल्या होत्या. मी म्हटलं, जपा, पुन्हा होऊ शकतो. तर तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'म्हंजी मी आता पुन्हा कच्चीच की!'"

रंगूबाई घाईघाईने म्हणाली, "नाय बाई, मला कुठं आठवतंय. टोच लवकर, मला बांधाबांध करायचीय."

मागे उभी असलेली भाग्यश्री मनात महिने मोजू लागली. शिमगा. पाडव्याच्या आधी येतो तो शिमगा.

तिने पुढे होऊन विचारलं, "मॅडम, त्या अँटिबॉडी किती दिवस टिकतात?"

"माणसागणिक वेगळं असतं हो. कुणात वर्षाच्या वर, कुणात चार महिनेही नाही. संपल्या म्हणजे सगळंच गेलं असं नसतं, शरीराला ओळख राहते. पुन्हा गाठ पडली की ते लवकर तयारी करतं. पण हे तेव्हा आम्हालाही धड माहीत नव्हतं. आजींची तर लसही झाली नव्हती. आम्ही घाबरूनच होतो."

भाग्यश्रीने रक्त दिलं की नाही, तिचं तिला कळलं नाही. ती थेट रंगूबाईच्या खोलीत गेली. रंगूबाई दोन पिशव्या भरून तिसरीत स्वेटर कोंबत होती.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"तुम्ही माझ्या दारात आलात, तेव्हा तुमच्या अंगात काही नव्हतं."

रंगूबाईने स्वेटरची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "व्हतं माहीत."

"आणि खोटं बोललात? मला होऊन गेलाय म्हणालात?"

"मंग काय सांगायचं? मी कच्ची हाय, तरी उघड? तू उघडलं असतंस व्हय? तू तर चांगल्या दिवसांत बी मला दार उघडत नव्हतीस."

भाग्यश्रीने विचारलं, "भीती नाही वाटली?"

"लय वाटली. तुझ्या घरातून निघाले ना, का विहिरीवर जाऊन बसायचे. संतोषचा फोन आला का त्याला कायबी कळू द्यायचे नाय."

"मग मी एवढी वर्षं लोकांना सांगत सुटले, तेव्हा तरी बोलायचं! तोंडात मारायची होती माझ्या."

"कशाला? तसं बोललीस का तुला मोकळं वाटायचं. माझं काय जात व्हतं?"

भाग्यश्रीला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने पदराने तोंड पुसलं, कनवटीचा मोबाईल काढला आणि संतोषला फोन लावला. रंगूबाई "अगं, कुणाला? अगं, थांब," म्हणेपर्यंत तो उचललाही गेला.

"संतोष, काकी बोलते. तुझी आई उद्या येत नाही."

"का? बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच राहील ती."

संतोष अडखळत म्हणाला, "काकी, मला पण तिला मळ्यातून आणायचं जिवावर आलं होतं. पण तीच म्हणाली, तिथे मला कुणी राहा म्हणत नाही."

भाग्यश्रीने फोन कानापासून खाली घेतला. रंगूबाई हातातल्या स्वेटरकडे बघत उभी होती. तिने ऐकलं होतं.

"राहा ना, ताई," भाग्यश्री म्हणाली.

रंगूबाई मटकन पलंगावर बसली आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडू लागली. भाग्यश्री तिच्या शेजारी टेकली. खाली फोनमध्ये संतोष "हॅलो, हॅलो" करत होता.