कासवाच्या टबाचं पाणी

सासऱ्यांच्या वाढदिवसाचा सगळा स्वयंपाक थोरल्या जावेने केला. ती जेवणाचे डबे करून द्यायची, हाताला चव होती. धाकटीने फक्त चिरलेल्या फळांचा मोठा वाडगा नेला. ती जंतूंच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे तिच्याकडून कुणी स्वयंपाकाची जास्त अपेक्षा करत नसे. सासरे तर तिला कौतुकाने ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना ताप आणि जुलाब सुरू झाले. पाठोपाठ जेवायला आलेलं शेजारचं जोडपं आडवं झालं. सासऱ्यांना दवाखान्यात सलाईन लावलं, तेव्हा बाहेरच्या बाकांवर सगळे जमलेले असताना धाकटी म्हणाली, “ताई, कच्चं चिकन आणि बाकीचं एकाच पाटावर चिरता तुम्ही. मी पाहिलंय.”

थोरलीचा चेहरा उतरला. “धुते गं मी पाट,” एवढंच ती बोलली.

आजाऱ्यांच्या नमुन्यांत साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू निघाला. थोरलीच्या फ्रीजमधल्या उरलेल्या कच्च्या चिकनमध्येही निघाला. मग धाकटीला धीर कुठला धरवतोय? इमारतीत ज्यांच्याकडे थोरलीचे डबे जात, त्यांच्या दारात उभं राहून तिने सावध राहायला सांगितलं. डबे पटापट बंद झाले.

प्रयोगशाळेतल्या तिच्या प्रमुख बाईंना मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. “आडनाव एक म्हणून माणसं काय सख्खी होतात? दोन्हीकडच्या जंतूंची जनुकं वाचून होऊ देत,” त्या म्हणाल्या. घरचं प्रकरण म्हणून त्यांनी ते काम धाकटीला दिलंही नाही.

निकाल आला तेव्हा त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

“आजारी माणसांतले जंतू एकमेकांशी तंतोतंत जुळतात. चिकनमधला त्यांचा लांबचाही नातेवाईक नाही. आणि हा जो प्रकार आहे ना, तो आपल्या जुन्या नमुन्यांत बहुतेक पाळीव कासवांकडूनच आलाय. त्या जेवणाला आलेल्यांपैकी कुणी कासव पाळलंय का?”

कासव धाकटीच्याच घरी होतं. लेकीच्या हट्टापायी आणलेलं, तळहाताएवढं. त्याचा टब ती स्वयंपाकघरातल्या सिंकमध्येच घासायची. वाढदिवसाच्या सकाळीही घाईघाईत घासला होता आणि लगेच तिथेच फळं धुतली होती. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो, हे नव्या मुलांना शिकवताना ती हातवारे करून सांगे. घरातलं कासव मात्र तिच्या लेखी कासव नव्हतंच, तो ‘ढब्बू’ होता.

गप्प राहावं, असं क्षणभर मनात आलं. बाई उत्तराची वाट बघत होत्या.

“माझ्याकडे आहे,” ती खाली बघत म्हणाली.

टबातला नमुनाही तंतोतंत जुळला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोरलीच्या स्वयंपाकघरात चिरायचे दोन नवे कोरे पाट होते आणि ओटा रिकामा होता. धाकटीने उभ्याउभ्याच सांगितलं. “ताई, तुमच्या चिकनचा काही संबंध नव्हता. माझ्या फळांमुळे झालं. कासवाचा टब मी सिंकमध्ये धुवायचे.”

थोरलीने दोन्ही हात पुढे केले. साबणाने घासून घासून बोटांची सालं निघाली होती. “बाबांच्या उशाशी बसून मी स्वतःला शिव्या घालत होते.”

“माझं चुकलं.”

“मला सांगून काय होणार? जिथं जिथं बोललात, तिथं सांगून या.”

आजवर थोरलीने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

धाकटी गेली. एकेका दारात तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिली. एक बाई हसू दाबत म्हणाली, “म्हणजे तुमच्याच घरचं निघालं होय?” ती “हो” म्हणाली. बरेच डबे पुन्हा सुरू झाले, काही घरांनी मात्र तोवर दुसरीकडे सोय केली होती.

सासरे बरे होऊन घरी आल्यावर थोरलीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. सासऱ्यांना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी सवयीने हाक मारली, “डॉक्टरीणबाई, इकडे बसा.” धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. थोरली वाढायला आली.

“घ्या ना. संकोच करू नका,” ती अगदी पाहुण्यांशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाली.

धाकटीने मान खाली घालून ताट पुढे केलं.