हिरव्या शाईची बेरीज

गणिताच्या बाईंनी हिरव्या पेनाचं टोपण काढलं आणि समासातले मार्क तिसऱ्यांदा जोडले. तेहतीसच. वर मात्र लाल शाईत ठसठशीत छत्तीस लिहिलेले होते.

पेपरावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पण सातच्या पोटात आडवी रेघ मारायची खोड अख्ख्या नववीत एकाच मुलीला होती, आणि ती बाईंच्याच घरात वाढली होती.

शाळेचा नियम सरळ होता. सहामाहीत एका जरी विषयात पस्तीसच्या खाली गेलं, तर मैदान बंद आणि रंगमंचही बंद. खेळाडूंची यादी दोन वाजता मुख्याध्यापिकांकडे जायची होती. उद्या रिलेची अंतिम फेरी. शेवटचा टप्पा लेक धावणार होती आणि राखीव खेळाडू पाय मुरगळून घरी बसली होती. म्हणजे एकटी लेक नाही, चौघी घरी बसणार.

विज्ञानाच्या बाईंनी तपासायचं आणि गणिताच्या बाईंनी बेरीज पडताळायची, ही शिक्षकखोलीतली जुनी वाटणी. त्यांची बेरीज चुकत नाही अशी ख्याती होती आणि त्या ख्यातीचा बाईंना चांगलाच तोरा होता. आज तोच अंगाशी आला होता. लाल आकड्याखाली गुपचूप सही ठोकली असती तर कोण बघणार होतं? समोरच्या टेबलावर क्रीडाशिक्षक धावपटूंचे नंबर कापडावर चिकटवत बसले होते. तासाभरात त्यांनी गठ्ठा झाला का म्हणून तीनदा विचारलं होतं. शेजारच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम चालली होती आणि कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा चुकत होतं.

बाईंनी छत्तीसवर काट मारली, तेहतीस लिहिलं आणि सही केली.

"सर, शेवटच्या टप्प्याचं नाव कापा."

क्रीडाशिक्षकांचा हात थांबला.

"तुमच्या मुलीचं?"

"मुलगी माझी आहे म्हणून बेरीज बदलत नाही."

तेवढ्यात विज्ञानाच्या बाई गठ्ठा न्यायला आल्या. याच वर्षी लागल्या होत्या त्या. हिरवी काट बघून त्यांनी पेपर उचलला आणि उलटा केला. शेवटच्या पानावर, कच्च्या आकडेमोडीच्या खाली, एका उत्तराचा उरलेला भाग होता आणि शेजारी लाल तीन. जागा संपली की मुली इथेच लिहितात, त्या हसत म्हणाल्या.

ते पान बाईंनी उलटलंच नव्हतं. शेवटचं पान कच्च्या कामाचं, तिथे मार्क नसतात, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. आधी त्यांना हसू आलं, मग डोळे भरून आले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

क्रीडाशिक्षक मात्र हसले नाहीत.

"बाई, गेल्या वर्षी माझी लांब उडीवाली दोन मार्कांनी गेली. लाल शाईत ती पास होती, तुम्ही खोडलंत. मग तिने शाळाच सोडली." त्यांनी पेपराच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "तिचं शेवटचं पान बघितलं होतंत?"

बाईंचा चेहरा उतरला.

"गेल्या वर्षीचे गठ्ठे कुठे आहेत?"

"रद्दीत गेले. मागच्या आठवड्यात मीच टेम्पोत चढवले."

क्रीडाशिक्षकांनी यादी उचलली. लेकीचं नाव तिच्यात जसंच्या तसं होतं. ते दारापर्यंत गेले तेव्हा बाई खुर्चीवरून उठल्या.

"सर, ती मुलगी राहते कुठे?"