बत्तीस अंशांची राखण

मी बोलतोय. आवाज म्हणाल तर माझा एवढाच: टक. ऊब पुरेशी झाली की टक, कमी पडली की टक. खडकीतल्या एका फ्लॅटमध्ये काचपेटीशेजारी भिंतीवर बसवलेला मी थर्मोस्टॅट. पेटीत एक अजगर राहतो.

घाबरू नका. परदेशी जातीचा, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंदवलेला आहे. त्याची नोंदणी आणि घरातल्या नव्या जोडप्याच्या लग्नाचा दाखला एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत. भीती वाटली की तो अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतो. अगदी कणकेचा उंडा. म्हणून नाव उंडा.

सापाला स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. कमी मिळाली तर खाल्लेलं पचत नाही. जास्त झाली तर पोट भाजतं, आणि भाजतंय हे त्याला बरेचदा वेळेवर कळत नाही. ते कळणं हे माझं काम.

माझा जन्म कुठला ते पाठीवर छापलंय, पण ती लिपी या घरात कोणालाच वाचता येत नाही, तेव्हा तो विषय सोडू. शनिवार पेठेत माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मी आठ महिने खोक्यात पडून होतो. माझा उपयोग काय असं कोणी विचारलं की दुकानदार म्हणे, "कशालाही चालतं." मग दीपमाला आली. सदाशिव पेठेत खोली घेऊन शिकत होती. उंडा तेव्हा बल्बच्या भरवशावर, आणि बल्ब तिच्या तळहाताच्या: काच हाताने चाचपून ती तो लावी-विझवी. वर्गात बसली तरी जीव काचेपाशी.

"यात हवा तो आकडा लावून ठेवता येतो ना?" तिने एवढंच विचारलं. मी त्याच दिवशी तिचा झालो.

माझी रचना साधी. पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी चटई. दुसरं टोक मुद्दाम गार, म्हणजे उंड्याला हवं तिकडे सरकता येतं. माझ्यातून एक बारीक वायर निघते, तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर. तो चटईच्या वर, पेटीच्या तळाला चिकटवलेला. ते माझं बोट. बोट असेल तिथलंच मला कळतं. बत्तीस अंश झाले की मी चटई बंद करतो, जरा उतरलं की चालू.

डिसेंबरात दीपमालाचं शंभूशी लग्न झालं. "साप रुखवतात मांडायचा का?" हे तिला इतक्या जणांनी विचारलं की ती नुसती हसायला शिकली. तसंही ती कमीच बोलते. सासरे बद्रीनाथ यांनी मात्र अट घातली. "पेटी राहील. पण एकदा जरी काही कमीजास्त झालं, तर त्याला दुसरं घर बघायचं." ती "हो" म्हणाली. माझ्यावर विसंबूनच म्हणाली असणार.

बद्रीनाथांनी चौतीस वर्षं इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. काडेपेटी गेटवर ठेवून आत जायचं, सुटी वायर दिसली की आधी गुंडाळायची. निवृत्त झाले तरी हात निवृत्त झाले नाहीत. घराबाहेर पडताना सगळी बटणं तपासतात.

"घरात बारूद नाही आहे जी," सासूबाई मुक्ताई म्हणतात. खडकीत इतकी वर्षं काढूनही त्यांची बोली यवतमाळचीच आहे.

"आहे," ते म्हणतात. "तुझा स्वभाव."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दीपमाला आणि शंभू भाजीला गेले होते. बद्रीनाथ फडकं घेऊन निघाले आणि त्यांना माझी वायर दिसली, थेट तापलेल्या चटईत शिरलेली. त्यांनी ती हळूच ओढून काढली, पुसली, सुबक गुंडाळी केली, दोऱ्याने बांधली आणि खिडकीच्या खिळ्याला अडकवली. समाधानाने दोन पावलं मागे होऊन बघितलीसुद्धा.

खिडकीत अकरा अंश होते. माझं बोट गारठलं. मला वाटलं, पेटीच गारठली. मी चटई चालू केली आणि चालूच ठेवली. मी खोटं बोललो नाही, पण प्रामाणिकपणे साफ चुकत होतो.

दीपमाला परतली. शंभू दळण आणायला पुन्हा खाली गेला. सासू-सुना मेथी निवडायला बसल्या. जरा वेळाने दीपमालाचे हात थांबले.

"आई, टक झालं नाही."

"मेथी निवडून राहिली का कान देऊन राहिली?"

"मी आल्यापासून एकदाही नाही झालं."

ती उठली. उंडा गार टोकाला, पाण्याच्या भांड्यात, डोकं काचेला टेकवून पडला होता. तिने आधी प्लग उपटला. मग पेटीच्या तळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग तिला खिळ्यावरची गुंडाळी दिसली. इतकी सुबक गुंडाळी घरात एकच माणूस करतो.

बद्रीनाथ पेपर वाचत होते. ती समोर जाऊन उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"बाबा, ही वायर तुम्ही काढलीत?"

"काढली. गरम वस्तूला वायर टेकवायची नसते."

"ते मोजायचं टोक आहे बाबा. ते खिडकीत, आणि चटई पेटीखाली." तिने खिडकीकडे बोट दाखवलं. मग हळू म्हणाली, "कारखान्यात आतल्या खोलीचं तापमान कोणी बाहेर व्हरांड्यात उभं राहून घेतलं असतं का?"

पेपर खाली आला.

"एकाने घेतलं होतं," बद्रीनाथ म्हणाले. "त्याला मी घरी पाठवलं." पेपरची घडी घालत म्हणाले, "आता मला कुठे पाठवणार? घरीच आहे मी."

दीपमालाने उंड्याला उचलून उताणं धरलं. बद्रीनाथांनी बॅटरी धरली, आधी चार हातांवरून, मग दोन, मग अगदी जवळून. पोटावर एकही डाग नव्हता. वेळेवर सरकला होता, शहाणा.

"लेकराला पोळलं का गं?" मुक्ताईंनी दारातून विचारलं. तोवर तो त्यांच्या तोंडी 'ते जनावर' होता.

संध्याकाळी प्राण्यांच्या डॉक्टरांनीही बघितलं. काही नाही, म्हणाले. दीपमाला तिथल्याच बाकावर बसली आणि थोडं रडली. शंभूने तिची पिशवी धरली.

"ती अट," घरी आल्यावर बद्रीनाथ म्हणाले, "पाळणाऱ्यांसाठी होती. मोडणाऱ्यासाठी काही ठरलं नव्हतं. तेव्हा ती रद्द."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सेन्सर जागेवर पक्का चिकटवला. शेजारी एक वेगळा तापमापक आणून लावला, एकावर सगळं सोपवू नये म्हणून. मला आधी जरा लागलं. मग बरं वाटलं. जीव राखायचा तर दोघं बरे.

आणि माझ्या वायरीला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, कारखान्यात बांधायचे तशी. 'या वायरीस कोणीही हात लावू नये. विशेषतः बद्रीनाथ यांनी.' खाली सही त्यांचीच.

माझं मागणं मोठं नाही. माझ्यावर विश्वास जरूर ठेवा, फक्त माझं बोट कुठे आहे तेवढं रोज बघत जा.

हल्ली संध्याकाळी घरात कोणी फारसं बोलत नसलं, की बद्रीनाथ पेपर किंचित खाली करून थांबतात. दीपमाला स्वयंपाकघरात लाटणं थांबवते.

टक.

"झालं," ते म्हणतात, आणि पान उलटतात.