गजऱ्याचा आकडा

कृष्णाताच्या घरी पावणं बसले होते आणि माझ्या हिशेबानं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मी सयाजी, मध्यस्थ. राजारामपुरीत कुणाच्या पोरीचं कुठं मोडलं, कुणाचा पोरगा ‘कंपनीत आहे’ म्हणजे नेमका कुठं बसतो, हे सगळं माझ्याकडं जमा असतं. मला न कळलेली गोष्ट या भागात घडत नाही, असा माझा त्या दुपारपर्यंत समज होता.

कृष्णाताची पोरगी निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन आली. पुण्यात नोकरीला, घरी सणावारीच यायची, त्यामुळं मीही तिला लांबूनच बघितलेलं. केस कानांवरून सोडलेले, बोलणं बेताचं. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची, तेवढंच वेगळं. ते मी जमेच्या बाजूला धरलं. हल्लीच्या पोरी मोबाइलमधनं मान वर काढतात कुठं?

नवरामुलगा विश्वजित, हातकणंगल्याचा, घरचा दुधाचा धंदा. पोरगा गुणी, पण मिशी अशी वाढवलेली की तोंड कुठं आहे ते घास घेतानाच कळावं. त्यानं खाली बघत विचारलं, “लग्नानंतर नोकरी सोडून गावाकडं राहायचं. जमंल न्हवं?”

निशिगंधानं त्या मिशीकडं बघितलं. मग बापाकडं बघितलं. कृष्णातानं मान हलवली. तिनंही हलवली.

“पोरगी ऐकण्यातली हाय की!” विश्वजितची आत्या तानाबाई खूश झाली. विश्वजितच्या घरातला शेवटचा शब्द आत्याचाच, हे मला ठाऊक होतं. ती गजरा घेऊन उठली. “ये गं बाळ, माळते.”

गजरा माळायला तिनं केसांचा आकडा उघडला आणि तो बोटांतनं निसटला. खाली पडायचा सोडून तो टुणकन उडाला आणि निशिगंधाच्या कानामागं, केसांवर जाऊन चिकटला.

आत्यानं तो ओढून काढला. जरा लांब धरला, जवळ नेला. परत चिकटला.

“अगं आई गं! पोरीच्या डोक्याला लोखंड चिकटतंय!”

मग जो गलका झाला! आत्या देवाचं नाव घेत मागं सरली ती थेट माझ्या पायावर. विश्वजित उभा राहिला, चहा सांडला. मी ‘काय न्हाई, काय न्हाई’ म्हणत होतो आणि माझ्याच अंगावर काटा आला होता. निशिगंधा सगळ्यांच्या उघड्या तोंडांकडं बघत राहिली. मग कानामागं हात नेऊन तिनं आकडा चाचपला, आणि आत गेली.

परत आली ती दोन लहान यंत्रं घेऊन. त्यांना रवा लागला होता. तो फुंकून तिनं एकेक यंत्र कानावर अडकवलं, वायरीच्या टोकाची चकती केसांत टेकवली. आकडा चिकटला होता तिथंच ती टक्क करून बसली.

“आता एकेकानं बोला,” ती म्हणाली.

कोल्हापुरात ही अट घालायला धाडस लागतं. पण सगळे गप्प झाले.

“चौथ्या वर्षी तापात माझे कान गेले. ऑपरेशन करून आत यंत्र बसवलंय, त्याला लोहचुंबक आहे. बाहेरचं हे लावलं की ऐकू येतं, काढलं की काहीच नाही. बाबा म्हणाले, आजच्या दिवस काढून ठेव. पुण्यात हे लावूनच मी नोकरी करते.”

तानाबाई कृष्णाताकडं वळली. “पावणं, आधी का सांगितलं न्हाईसा?”

“सांगितलं असतं तर आला असता?”

“न्हाई,” आत्या म्हणाली. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

निशिगंधा विश्वजितसमोर बसली. “मघाशी तुम्ही काहीतरी विचारलंत. मी नेमकं कोणत्या गोष्टीला हो म्हटलं?”

तो गडबडला. मग दोन बोटांनी मिशी वर उचलून, यात्रेत हरवलेल्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला, “नोकरी सोडून गावाकडं राहाल काय?”

“नाही. आणि ओरडू नका, ऐकू येतंय.”

“बरं,” म्हणून तो खाली बसला. मिशी तशीच धरलेली.

पण तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. “बाबा, मला त्यांचं तोंड दिसेना. म्हणून मी तुमच्याकडं बघितलं. तुम्हाला तर ऐकू येत होतं.”

स्वयंपाकघराच्या दारात तिची आई संयोगिता भिंतीला टेकली. “मला म्हणालात, नुसतं मशीन लपवायचं,” ती नवऱ्याला म्हणाली. “रव्याच्या डब्यात मी ठेवलं. ह्ये न्हवतं सांगितलं तुम्ही.”

प्रश्न मीही ऐकला होता, मानही बघितली होती, आणि ती समजूतदार घराची खूण म्हणून जमेला धरली होती.

कृष्णाताची हाक एरवी बसस्टॉपपर्यंत ऐकू जाते. तो पुटपुटला, “तुझ्या भल्यासाठीच...”

“मोठ्यानं सांगा, बाबा,” निशिगंधा म्हणाली. “सगळ्यांना ऐकू दे.”

त्यानं तोंड उघडलं. आम्ही सगळे त्याच्या ओठांकडं टक लावून बघत राहिलो. ते हलले, पण आवाज काही निघाला नाही.