आलेखाची शेपटी

"मंग या शेपटीवरच बठ्ठी पदवी शे का, ताई?" ईश्वरभाऊंनी दुसऱ्यांदा विचारले.

"सगळी शेपटीवरच," चेलना म्हणाली. "बाकीचा आलेख जगाला ठाऊक आहे."

जळगावच्या त्या प्रयोगशाळेत ईश्वरभाऊ एकतीस वर्षे परिचर होते. अणुभट्टीतले इंधन झिर्कोनियमच्या नळ्यांत बंद असते. इंधनात तयार होणारे सीझियम त्या धातूत किती खोल शिरते, हा चेलनाचा पीएचडीचा विषय. झिर्कोनियमच्या पट्टीच्या एका बाजूला किंचित किरणोत्सारी सीझियम लावून ती भट्टीत तापवायची. मग ईश्वरभाऊंनी पॉलिश पेपरने एकेक थर घासायचा आणि तो पेपर किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवायचा. खोलीबरोबर आकडे घसरत गेले, पण तळाला टेकले नाहीत; हीच ती शेपटी. सीझियम अपेक्षेपेक्षा खोल जाते, हा तिचा निष्कर्ष. प्रबंध सोमवारी द्यायचा होता, आज गुरुवार.

घरी जायची पाचोऱ्याची गाडी सुटायची वेळ झाली, तरी ईश्वरभाऊ उठले नाहीत.

"मे महिनामा पुसानं सामान संपेल व्हतं. थर घसा का मी पट्टी फडकाघाई पुसू. एकच फडकं, बठ्ठा थरसले."

"सगळ्या थरांना तेच फडकं?"

"घडी बदलीसन."

चेलनाने किरणोत्सारी कचऱ्याच्या बंद डब्यातले ते फडके चिमट्याने उचलून काउंटरखाली ठेवले. रिकामा काउंटर मिनिटाला अडतीस दाखवी. फडक्याने चौदाशे दहा दाखवले.

"यावरून फडकं मळलं एवढंच कळतं; वरचं सीझियम त्यातून खालच्या थरांना लागलं का, ते नाही," ती म्हणाली. "पट्टीचा अर्धा तुकडा शिल्लक आहे. स्वच्छ बाजूने घासू. सीझियम खरंच खोल गेलं असेल, तर तिकडूनही सापडेल."

"परत मीच घसू?"

"तुमच्यासारखा सपाट थर कुणाला निघतो?"

शनिवारी दुपारपर्यंत शेपटीच्या खोलीतले सातही थर निघाले. एकोणचाळीस. सदतीस. अडतीस. शेवटचा चाळीस. रिकाम्या काउंटरइतकेच. तेवढ्या खोल धातूने काही घेतलेच नव्हते. अणुभट्टीच्या दृष्टीने बातमी चांगली होती.

"वर्ष गेलं," चेलना म्हणाली. थोड्या वेळाने, हळू: "फडक्याचं आपल्या दोघांनाच ठाऊक आहे, भाऊ."



तिने नोंदवही उघडली. जुन्या आकड्यांवर, ते वाचता येतील अशी, एकच रेघ ओढली. कारणाच्या रकान्यात 'पुसताना दूषित' लिहिले. 'काम करणाऱ्याचे नाव' हा रकाना तिने कोरा सोडला.

ईश्वरभाऊंनी वही आपल्याकडे ओढली, पेन मागून घेतले आणि तिथे वडिलांच्या नावासकट आपले पूर्ण नाव लिहिले. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मिटू दिली नाही.