उसवण

शिंप्याच्या घराण्यात एक नियम चालत आला होता. कपडा फाटला तर दोष कापडाचा. उसवला तर दोष शिंप्याचा. शिंप्याला तो वडिलांनी शिकवला आणि त्यानं तो चाळीस वर्षं पाळला. उसवलेला कपडा घेऊन कुणी आलं, की तो चकार शब्द न काढता फुकट शिवून द्यायचा. आतून बायकोचा आवाज यायचा, "लोकांनी कुंपणावरून उड्या माराव्यात आणि पाप आमच्या माथी."

दोघांची कामं वाटलेली होती. मशीन त्याचं, सुई तिची. बटणं, हुकं, हुकं अडकवायची दोऱ्याची घरं, सगळं ती हातानं करायची. तिनं लावलेलं हूक निघालं, असं म्हणत कधी कुणी परत आलं नाही.

शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग पडायचा. यंदा त्याच दिवसांत तिचं तोंड आलं. गाल आतून सोलल्यासारखे झाले, साधं पाणीही झोंबायला लागलं. "गणवेश उरकले की दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला. गणवेश उरकले. मग आखूड झालेले परत आले, मग दुसरी कामं आली. पाचव्या महिन्यात तिच्या पाठीवर फोड उठले. आधी बटणाएवढे, मग तळहाताएवढे. फुटले की खाली लाल, ओलं अंग.

तिला दवाखान्यात भरती केलं, त्या संध्याकाळी ती कण्हत होती म्हणून त्यानं तिचा हात हातात घेतला. कापड पारखताना चिमटीत धरून वरून अंगठा फिरवतात, तसा सवयीनं त्याचा अंगठा फिरला. आणि अंगठ्याखाली कातडी सरकली, भिजलेल्या कागदासारखी.

ती ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई त्याच्याशेजारी येऊन बसल्या. वयानं त्याला मुलीसारख्या.

"कातडी इतकी कुजली का हो?" त्यानं विचारलं.

"कुजली नाही, काका. तपासून पाहिली. एकेक पेशी धडधाकट आहे."

"मग फाटते कशी?"

"फाटत नाहीये." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. "कातडी म्हणजे लहान लहान पेशींचा थर. शेजारच्या पेशी एकमेकींना धरून असतात. प्रत्येकीच्या अंगावर बारीक प्रथिनं असतात, ती शेजारणीच्या प्रथिनांत अडकतात. आपण पाठ खाजवतो, हात घासतो, तरी कातडी जागची हलत नाही, ती त्यांच्यामुळे. त्यातल्या एकाचं नाव डेस्मोग्लीन."

"हूक," तो म्हणाला.

"हो, हूकच म्हणा. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. काकूंच्या राखणदारांचा गैरसमज झालाय. ते ह्या हुकांनाच चोर समजून झोडपतायत. हुकं सुटली की पेशी सुट्या होतात, मधे पाणी भरतं, फोड येतो. जरा घासलं तरी वरचा थर सरकतो."

शिंपी म्हणाला, "म्हणजे फाटलं नाही. उसवलं."

"अगदी बरोबर बोललात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपण कशाला होकार दिला, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

त्यानंतर त्यानं तिला हात लावला नाही. हातभर लांब स्टूल ठेवून, तळहात मांड्यांखाली दाबून बसायचा. राखणदारांना गप्प करायचं औषध सुरू झालं. पण राखणदार गप्प झाले की खऱ्या चोरांचं फावतं. उघड्या जखमांतून जंतू शिरले आणि ताप चढला.

चौथ्या दिवशी त्यानं डॉक्टरीणबाईंना वाटेतच गाठलं. "पाच महिने आधी आणलं असतं तर?"

"असला विचार करू नका, काका."

"खरं सांगा. मी कच्चा नाही."

त्यांनी हातातले कागद मिटले. "आजार तुमच्यामुळे झालेला नाही. तुम्ही काही करून तो टळला नसता. पण लवकर आला असतात, तर फोड पसरायच्या आत औषध सुरू झालं असतं. काकू बहुतेक घरी गेल्या असत्या."

"बरं," तो म्हणाला. गिऱ्हाइकानं माप सांगावं आणि आपण मान हलवावी, तशी त्यानं मान हलवली.

मग खाटेशी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं.

"मला काय नवीन आहे ते?" ती म्हणाली. ओठ फुटले होते, शब्द एकेक करून येत होते.

"गणवेश उरकू देत, असं मीच म्हटलं होतं."

"म्हटलंत. आणि मी ऐकलं. चाळीस वर्षांत तुमचं एक ऐकलं नाही, ऐकलं ते नेमकं हे."

त्याला हसू आलं. मग तो म्हणाला, "उसवलं तर दोष शिंप्याचा."

"हुकं माझ्याकडे होती," ती म्हणाली. "माझ्या कामात नाक खुपसू नका."

थोड्या वेळानं म्हणाली, "हात द्या."

"नको. त्या दिवशी पाहिलंस ना."

"धरायला कोण सांगतंय? नुसता ठेवा."

त्यानं तळहात उताणा करून गादीवर ठेवला. पट्ट्यांत गुंडाळलेला आपला हात तिनं सावकाश उचलला आणि त्यावर ठेवला. चिंध्यांच्या बोचक्यासारखा हलका होता. त्याचा अंगठा वर वळू पाहत होता. त्यानं तो वळू दिला नाही. चहा आला, निवला, साय धरली. पायाला मुंग्या आल्या. सिस्टर म्हणाली, "काका, जरा फेरी मारून या." तो जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशीही तो तसाच बसला होता. दुपारी तिचा श्वास लांबत लांबत थांबला. सिस्टरनं नाडी पाहिली, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी वेळ लिहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, आता हात काढा," सिस्टर म्हणाली.

"काढतो," तो म्हणाला. पण काढला नाही. "खालून ओढला तर तिला घासेल."

सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून, दोन्ही तळव्यांवर तोलून, तिनं त्याच्या बायकोचा हात सरळ वर उचलला.